स्थिर वस्तू : आधी बलांची आकृती, मग सूत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पुरवणीत भौतिकशास्त्राची सोडवलेली उदाहरणे प्रसिद्ध होतात आणि विद्यार्थी ती जपून ठेवतात, वहीत उतरवून घेतात, हे मी शिक्षिका या नात्याने पाहते. त्या उदाहरणांचा उपयोग होतो म्हणूनच त्यांतील एका पद्धतीबद्दल लिहावेसे वाटले. स्थिर वस्तूंवरील उदाहरणांत आधी सूत्र लिहिले जाते, त्यात किमती घातल्या जातात, उत्तराखाली दुहेरी रेघ मारली जाते आणि मग उरलेल्या जागेत बाणांची आकृती शोभेपुरती काढली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. स्थिर वस्तूवर काम करणाऱ्या बलांपैकी वजनाला स्वतःचे सूत्र असते; वस्तुमानाला ९.८ ने गुणले की न्यूटनमध्ये वजन मिळते. पण टेबलाचा वरच्या दिशेचा रेटा, दोरीचा ताण आणि स्थितिक घर्षण (वस्तू घसरत नसतानाचे घर्षण) या तिघांना असे हाताशी असलेले सूत्र नाही. ती बले किती आहेत हे वस्तू स्थिर आहे या एकाच माहितीवरून, म्हणजे आकृतीवरूनच, काढावे लागते. आकृती शेवटी काढणारा विद्यार्थी नेमका हाच टप्पा वगळतो आणि त्या जागी पाठ केलेले एखादे सूत्र बसवतो.

सर्वांत साधे उदाहरण टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचे. ज्याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात त्या आकृतीत टेबल नसते, पृथ्वी नसते. असते ते फक्त पुस्तक आणि त्याच्यावर इतरांनी लावलेली बले. पुस्तकाभोवती मनातल्या मनात एक बंद रेघ ओढावी. त्या रेघेला बाहेरून जे जे टेकते ते ते बल लावू शकते. न टेकता बल लावणारी, चुंबक किंवा विद्युतप्रभार जवळपास नसेल तर, एकटी पृथ्वीच. म्हणून बाण दोनच : पृथ्वीने पुस्तकाला खाली ओढणारा आणि टेबलाने पुस्तकाला वर रेटणारा. प्रत्येक बाणाशेजारी ‘कोणाने कोणावर’ एवढे लिहायची सवय लावली तर निम्म्या चुका तिथल्या तिथे गळून पडतात. कोणी ‘गुरुत्वाकर्षण’ आणि ‘वजन’ असे दोन वेगळे बाण काढतो. दोन्हींना ‘पृथ्वीने पुस्तकावर’ असेच लिहावे लागले की एक बाण आपोआप खोडला जातो. कोणी ‘जडत्वाचे बल’ दाखवतो. ते कोण लावते, असे विचारले की उत्तर मिळत नाही, कारण जडत्व हा वस्तूचा गुणधर्म आहे, कोणी लावलेले बल नव्हे.

या दोन बाणांविषयीचा मोठा गैरसमज मात्र असा सहज जात नाही, कारण तो बरोबर उत्तराच्या आड लपलेला असतो. टेबलाचा रेटा वजनाइतकाच का, असे विचारले तर ‘न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार’ असे उत्तर येते, आणि खेदाची गोष्ट अशी की अनेक उत्तरपत्रिकांत त्याला गुणही मिळतात. तिसऱ्या नियमातील क्रिया आणि प्रतिक्रिया कधीही एकाच वस्तूवर नसतात, त्यामुळे त्या एकाच आकृतीत एकत्र येऊच शकत नाहीत. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते याची जोडीदार प्रतिक्रिया म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढते ती; टेबल पुस्तकाला वर रेटते याची जोडीदार म्हणजे पुस्तक टेबलाला खाली रेटते ती. पुस्तकावरील दोन बाण समान आहेत ते पहिल्या नियमामुळे, किंवा दुसऱ्या नियमात त्वरण शून्य घातल्यामुळे. हा फरक शब्दच्छल वाटत असेल तर एक पारख करून पाहावी. टेबल बाजूला केले की टेबलाचा रेटा संपतो, पृथ्वीची ओढ मात्र तशीच राहते. खऱ्या क्रिया-प्रतिक्रियेतील एक नाहीशी होऊन दुसरी कधीच मागे उरत नाही. किंवा तेच टेबल आणि पुस्तक वरच्या दिशेने वेग घेणाऱ्या लिफ्टमध्ये ठेवावे. लिफ्टचे त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर एक किलोग्रॅमच्या पुस्तकाचे वजन ९.८ न्यूटनच राहील, पण टेबलाचा रेटा ११.८ न्यूटन होईल. तिसरा नियम लिफ्टमध्येही अबाधित असतो, म्हणजे ही जोडी तिसऱ्या नियमातली नव्हती हे उघड झाले.

यापेक्षा खोलवरची अडचण वेगळीच आहे. टेबल खरोखर बल लावते, हेच पुष्कळ विद्यार्थ्यांना मनातून पटलेले नसते. त्यांच्या दृष्टीने टेबल ‘आड येते’, पुस्तकाला पडू देत नाही, बस्स. बल लावायला स्नायू लागतात, निदान मोटर तरी लागते, अशी त्यांची समजूत असते. अमेरिकेतील शिक्षक जिम मिन्स्ट्रेल यांनी १९८२ साली ‘द फिजिक्स टीचर’ या नियतकालिकात स्थिर वस्तूच्या या एकाच प्रश्नावर वर्गात झालेल्या चर्चेविषयी सविस्तर लिहिले होते, यावरून ही अडचण किती जुनी आणि किती सार्वत्रिक आहे हे लक्षात यावे. तिच्यावरचा उतारा व्याख्यानात नाही. पुस्तक आधी तळहातावर ठेवावे, मग त्यावर आणखी पुस्तके रचावीत. हाताला वर रेटावे लागते याबद्दल कोणाला शंका उरत नाही. मग तेच पुस्तक स्प्रिंगवर ठेवावे. स्प्रिंग दबते आणि जितकी दबते तितकी जोराने वर रेटते. मग दोन ठोकळ्यांवर आडव्या टाकलेल्या पातळ फळीवर ठेवावे. फळी डोळ्यांना दिसेल इतकी वाकते. आणि मग टेबल. टेबलावर एक लहानसा आरसा ठेवून त्यावर लेझर पॉइंटरचा किरण तिरपा सोडावा आणि परावर्तित ठिपका समोरच्या भिंतीवर पाडावा. आरशाजवळ कोणी जोराने टेकले की तो ठिपका सरकतो. हात काढला की परत जागेवर येतो. आरसा जितक्या कोनातून कलतो त्याच्या दुप्पट कोनातून किरण वळतो, त्यामुळे भिंत पाच मीटरवर असेल तर आरशाच्या एक सहस्रांश रेडियन इतक्या कलण्याने ठिपका सुमारे एक सेंटिमीटर हलतो. एरवी न दिसणारे टेबलाचे वाकणे असे भिंतीवर दिसू लागते. टेबल ही अतिशय ताठ स्प्रिंग आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की वरच्या दिशेचा बाण काढताना पेन्सिल अडखळत नाही.

याच प्रयोगातून मघाचा मुद्दा स्पष्ट होतो. पुस्तक ठेवले की टेबल दबू लागते, आणि त्याचा रेटा पुस्तकाच्या वजनाइतका झाला की दबणे थांबते. म्हणजे रेट्याची किंमत टेबलाच्या ठायी आधीपासून ठरलेली नसते. परिस्थिती जेवढी मागते तेवढा रेटा टेबल देते, अर्थात ते मोडेपर्यंत. दोरीही तशीच, तुटेपर्यंत. स्थितिक घर्षणही तसेच, वस्तू घसरेपर्यंत. या बलांना कमाल मर्यादा असते, पण मर्यादा म्हणजे प्रत्यक्ष किंमत नव्हे.

घर्षणाच्या बाबतीत ही गल्लत सर्वांत महाग पडते. जमिनीवरच्या जड खोक्याला आडवे ढकलले आणि ते हलले नाही, तर ‘घर्षण आपल्या बलापेक्षा जास्त आहे’ असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. आकृती काढली तर या वाक्याचा फोलपणा तत्काळ दिसतो. आपण २० न्यूटनने उजवीकडे ढकलले आणि घर्षण खरोखरच त्याहून जास्त, समजा ३० न्यूटन, डावीकडे असेल, तर खोके ढकलणाऱ्याच्या अंगावर आले पाहिजे. खोके जागचे हलत नाही याचा अर्थ घर्षण बरोबर २० न्यूटन आहे. २५ न्यूटनने ढकलून पाहिले आणि तरीही ते हलले नाही, तर घर्षण २५ न्यूटन झाले. मुळीच ढकलले नाही तर घर्षण शून्य. घर्षण गुणांक (टेकलेल्या दोन पृष्ठभागांनुसार ठरणारा आकडा) आणि अभिलंब बल (पृष्ठभागाने काटकोनात दिलेला रेटा) यांचा गुणाकार सांगतो तो फक्त वरचा कठडा.

उतरत्या फळीवरच्या ठोकळ्याचे उदाहरण पुरवणीतही वारंवार येते, म्हणून ते आकड्यांसह मांडते. ठोकळा २ किलोग्रॅमचा, फळी आडव्या पातळीशी ३० अंशांत, स्थितिक घर्षण गुणांक ०.७ आणि ठोकळा स्थिर. घर्षण बल किती? सूत्र आधी लिहिणारा विद्यार्थी अभिलंब बल काढतो : १९.६ गुणिले कोसाइन ३०, म्हणजे सुमारे १७ न्यूटन. त्याला ०.७ ने गुणून तो ११.९ न्यूटन हे उत्तर लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. आता हे उत्तर आकृतीवर ठेवून पाहावे. फळीच्या दिशेने खाली ओढणारा वजनाचा घटक १९.६ गुणिले साइन ३०, म्हणजे ९.८ न्यूटन आहे. घर्षण ११.९ न्यूटन वर असेल, तर २.१ न्यूटन इतके बल शिल्लक राहते आणि ठोकळा आपणहून चढ चढू लागतो! ठोकळा स्थिर आहे असे प्रश्नातच म्हटले आहे, तेव्हा घर्षण ९.८ न्यूटन. मग ०.७ हा आकडा कशासाठी दिला? ठोकळा स्थिर राहू शकतो की नाही हे तपासण्यासाठी : लागणारे ९.८ हे उपलब्ध ११.९ च्या आत आहे, म्हणून तो राहतो. फळी आणखी उचलत नेली तर कोनाचा टॅन्जंट ०.७ होईपर्यंत, म्हणजे सुमारे ३५ अंशांपर्यंत, तो टिकेल. वजन, अभिलंब बल आणि घर्षण या तिन्ही बाणांना एकाच प्रमाणात, एकाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी जोडून काढले तर बंद त्रिकोण मिळतो, १९.६, १७ आणि ९.८ हा काटकोन त्रिकोण आहे. त्रिकोण बंद झाला नाही तर कुठेतरी चुकले आहे, हे कोणी सांगावे लागत नाही.

वजनाचे दोन घटक पाडतानाही एक चूक हमखास होते. विद्यार्थी वजनाचा बाण तसाच ठेवतो, त्याचे दोन्ही घटकही तितक्याच ठळक बाणांनी काढतो, आणि बेरीज करताना तिन्ही मोजतो. घटक हे वजनाच्या ऐवजी असतात, वजनाखेरीज नव्हे. छापील आकृतीत घटक तुटक रेघेने किंवा शेजारी स्वतंत्र आकृतीत दाखवले तर ही दुहेरी मोजणी बरीच टळेल. पुरवणीतील आकृत्यांत ठळक आणि तुटक रेघांचा हा फरक सहसा नसतो, ही छोटीशी तक्रार इथेच नोंदवते.

अभिलंब बल नेहमी वरच्या दिशेला आणि नेहमी वजनाइतके असते, हा समज आडव्या टेबलावरच्याच उदाहरणांनी पक्का होतो. त्यावर उपाय म्हणून एक किलोग्रॅमचा ठोकळा उभ्या भिंतीवर तळहाताने दाबून धरल्याचे उदाहरण द्यावे. हात ३० न्यूटनने आडवा दाबतो. भिंत ३० न्यूटनने उलट दिशेला रेटते, म्हणजे अभिलंब बल आडवे आहे आणि वजनाशी त्याचा काही संबंध नाही. वजन ९.८ न्यूटन खाली. ते तोलणारे घर्षण, हाताकडचे आणि भिंतीकडचे मिळून, ९.८ न्यूटन वर. आता हाताचा दाब ६० न्यूटन केला तर अभिलंब बल दुप्पट होते, पण घर्षण? ते ९.८ न्यूटनच राहते. दाब वाढवल्याने घर्षणाची मर्यादा वाढली, घर्षण वाढले नाही. वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा; चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांचे हात खाली येतात.

दोरीच्या ताणाविषयीही असेच. २० न्यूटन वजनाची तसबीर दोन उभ्या दोऱ्यांनी टांगली तर प्रत्येक दोरीत १० न्यूटन ताण असतो, हे सर्वांना पटते. त्याच दोऱ्या दोन बाजूंना तिरप्या, आडव्या पातळीशी ३० अंशांत बांधल्या तर प्रत्येकीत २० न्यूटन ताण येतो. २० आणि २० मिळून ४० होतात, मग जास्तीचे २० गेले कुठे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. उत्तर आकृतीत आहे : प्रत्येक दोरी तसबिरीला वर ओढते १० न्यूटननेच, बाकीची ओढ बाजूला आहे, आणि डावीकडची ओढ उजवीकडचीला खोडून टाकते. बले ही संख्यांसारखी मिळवायची नसतात, दिशेसकट मिळवायची असतात, हे सदिशांच्या व्याख्येपेक्षा इथे चांगले समजते. दोऱ्या १० अंशांत बांधल्या तर ताण सुमारे ५८ न्यूटन होतो, ५ अंशांत सुमारे ११५. पूर्ण आडव्या दोरीने तसबीर टांगताच येणार नाही, कारण आडव्या बाणांना वरच्या दिशेचा घटकच नसतो. ताणून बांधलेली कोणतीही दोरी, मध्यभागी काहीही अडकवले की थोडी तरी झुकतेच, याचे कारण एवढेच आहे. जाता जाता आणखी एक प्रश्न : ताणकाट्याच्या दोन्ही टोकांना विरुद्ध दिशांनी ५० न्यूटनने ओढले तर काटा किती दाखवेल? १०० म्हणणाऱ्यांनी काट्याची आकृती काढावी, आणि मग तोच काटा भिंतीला अडकवून एका बाजूने ५० न्यूटनने ओढल्याची. दोन्ही आकृत्या तंतोतंत सारख्या येतात, म्हणजे काटा ५०च दाखवतो.

हुशार विद्यार्थी कधीकधी विचारतो की पुस्तकावर हवाही दाब देते, मग तिचा बाण का काढत नाही? ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. २० सेंटिमीटर गुणिले २५ सेंटिमीटरच्या पुस्तकाच्या वरच्या पृष्ठावर त्यामुळे सुमारे पाच हजार न्यूटन बल येते, म्हणजे पाचशेहून अधिक किलोग्रॅमच्या वजनाइतके. परंतु पुस्तक आणि टेबल यांच्यामधल्या बारीक फटींतही हवा असते आणि ती जवळपास तेवढ्याच बलाने वर रेटते. दोन्हींत उरणारा फरक म्हणजे हवेचे प्लावक, म्हणजे वर उचलणारे, बल. पुस्तक दोन सेंटिमीटर जाड असेल तर ते सुमारे ०.०१२ न्यूटन भरते. ते आपण सोडून देतो, आणि सोडून देत आहोत हे एकदा तरी सांगितले पाहिजे. काय काढायचे नाही हे ठरवणे हाही आकृती काढण्याचाच भाग आहे.

एकावर एक ठेवलेल्या दोन पुस्तकांच्या उदाहरणात कोणती वस्तू निवडली, हा प्रश्न पुढे येतो. वरचे ५ न्यूटनचे, खालचे १० न्यूटनचे असे धरू. खालच्या पुस्तकावर तीन बले : पृथ्वीची ओढ १०, वरच्या पुस्तकाचा खालच्या दिशेचा रेटा ५, टेबलाचा वरच्या दिशेचा रेटा १५. इथे ‘वरच्या पुस्तकाचे वजन’ असा बाण खालच्या पुस्तकावर काढण्याची पद्धत आहे आणि आकडा बरोबर येत असल्याने कोणी हरकत घेत नाही. पण वरच्या पुस्तकाचे वजन वरच्या पुस्तकावर काम करते. खालच्याला जाणवतो तो रेटा. स्थिर असताना दोन्ही समान असतात, म्हणून चूक झाकली जाते. मघाच्या लिफ्टमध्ये ती लगेच उघडी पडेल. दोन्ही पुस्तके मिळून एकच वस्तू मानली तर मधला रेटा आकृतीतून नाहीसाच होतो आणि १५ न्यूटन खाली, १५ न्यूटन वर एवढेच उरते.

आतापर्यंत वस्तूऐवजी एक ठिपका काढून भागले. शिडीच्या बाबतीत तसे भागत नाही, आणि हा बदल शिकवताना फार घाईने उरकला जातो. २०० न्यूटन वजनाची एकसारखी शिडी गुळगुळीत भिंतीला टेकून जमिनीशी ६० अंशांत उभी आहे असे धरा. वजनाचा बाण मध्यावर, भिंतीचा रेटा वरच्या टोकावर आडवा, जमिनीचे बल पायथ्याशी. बाण कुठे लागतो याला आता महत्त्व आहे, कारण बलांची बेरीज शून्य असूनही शिडी फिरू शकते. बहुतेक विद्यार्थी जमिनीचे बल शिडीच्याच दिशेने, तिच्या अंगाला समांतर काढतात. ते चूक आहे. तीनच समांतर नसलेली बले एखादी वस्तू स्थिर ठेवत असतील तर त्यांच्या रेषा एका बिंदूत मिळाल्याच पाहिजेत, नाहीतर उरलेले आघूर्ण, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम, वस्तूला फिरवील. वजनाची उभी रेषा आणि भिंतीच्या रेट्याची आडवी रेषा यांचा छेदनबिंदू शिडीच्या वर, हवेत येतो. पायथ्यापासून त्या बिंदूकडे रेघ ओढली की जमिनीच्या एकूण बलाची दिशा मिळते : आडव्या पातळीशी सुमारे ७४ अंश, शिडीपेक्षा बरीच उभी. एकही समीकरण न लिहिता, पट्टी आणि कोनमापक घेऊन एवढे कळते. हिशोब केला तर जमिनीचे अभिलंब बल २०० न्यूटन आणि भिंतीकडच्या दिशेचे घर्षण सुमारे ५८ न्यूटन येते, आणि घर्षण गुणांक निदान ०.२९ नसेल तर शिडी घसरेल हेही त्यातूनच निघते.

उतरत्या फळीवरचा ठोकळासुद्धा खरे तर ठिपका नाही. घर्षण त्याच्या तळाशी लागते आणि त्याला उताराच्या दिशेने कलंडवू पाहते. ते रोखण्यासाठी अभिलंब बल मध्यावरून खालच्या बाजूला सरकते. १० सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यासाठी, ३० अंशांच्या उतारावर, हे सरकणे सुमारे २.९ सेंटिमीटर असते. ठोकळ्याच्या तळाची उताराच्या दिशेची लांबी याच्या दुपटीहून कमी असेल, तर तो घसरायच्या आधी उलथेल. पाठ्यक्रमात हे येवो न येवो, जिज्ञासूला सांगायला हरकत नसावी.

आकृतीच्या सामर्थ्याविषयी शंका असणाऱ्यांनी फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिन यांचे १५८६ सालचे काम आठवावे. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला तो १६८७ साली, म्हणजे त्यानंतर शंभर वर्षांनी. एक बाजू दुसरीच्या दुप्पट लांब असलेल्या त्रिकोणी ठोकळ्यावर सारख्या अंतरावर गोळे ओवलेली बंद माळ टाकली आहे, अशी आकृती स्टेव्हिन यांनी काढली. माळ आपोआप फिरू लागली तर ती कायमची फिरत राहील, आणि ते अशक्य आहे. म्हणून ती स्थिर राहते. खाली लोंबणारा भाग दोन्हीकडे सारखा असल्याने तो काढून टाकला तरी समतोल बिघडत नाही. म्हणजे लांब उतारावरचे चार गोळे आखूड उतारावरच्या दोघांना तोलतात. उतारावरील वजनाच्या घटकाचा नियम त्रिकोणमितीचे सूत्र न वापरता हाती आला.

एक सावधगिरी मात्र पुरवणीने पाळावी. ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ क्षणभर थांबलेले असा घेतला जाऊ नये. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो, पण तिथेही त्याच्यावर खालच्या दिशेचा एकच बाण असतो आणि तो तोललेला नसतो. उलट, सरळ रेषेत एकसमान वेगाने जाणाऱ्या वस्तूची आकृती स्थिर वस्तूसारखीच तोललेली असते. वेग शून्य असणे आणि त्वरण शून्य असणे यांतला हा भेद आकृती काढण्यापूर्वीच स्पष्ट झाला पाहिजे.

आता विनंतीकडे वळते. आकृतीला गुण मिळत नाहीत म्हणून विद्यार्थी ती काढत नाहीत, असे सांगितले जाते. जिथे गुण असतात तिथेही ते बाणांच्या संख्येला असतात, बाणाशेजारी काय लिहिले आहे याला नव्हे. परीक्षेची रचना बदलणे आपल्या हातात नाही, पण पुरवणीची आहे. सोडवलेल्या उदाहरणात आकृती पहिल्या ओळीतच यावी आणि प्रत्येक बाणाला ‘कोणाने कोणावर’ असे नाव असावे. घटक तुटक रेघेने दाखवावेत, आणि बाणांच्या लांब्या प्रमाणात असाव्यात. सध्या छापल्या जाणाऱ्या आकृत्यांत ९.८ आणि १७ न्यूटनचे बाण सारख्याच लांबीचे असतात, तेव्हा डोळ्यांना काहीच पारखता येत नाही. आठवड्यातून एखादे उदाहरण एकही आकडा न देता द्यावे : वस्तूचे चित्र, ती स्थिर आहे एवढी माहिती, आणि ‘बले दाखवा, लहानमोठी क्रमाने लावा’ एवढाच प्रश्न. दोन दोऱ्यांना टांगलेली तसबीर, भिंतीला दाबून धरलेला ठोकळा, दोन पुस्तकांतील खालचे पुस्तक, भिंतीला टेकलेली शिडी ही चार चित्रे पहिल्या महिन्याला पुरतील. उत्तर पुढच्या आठवड्यात द्यावे, आणि त्यासोबत विद्यार्थ्यांनी काढलेली एखादी चुकलेली आकृतीही नाव न देता छापावी, त्यात कोणता बाण जास्तीचा आहे हे दाखवून.

कळावे.

आपली,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका